दुसरा तुंबा

…देठाशी एक काळा ठिपका होता, तिळाएवढा, आणि रविनाचा अंगठा फिरून फिरून तिथंच जात होता — कीड तर नसेल? — पण तुंबा वाजत होता, आतलं बी सुटलं होतं, म्हणजे पुरता वाळला होता. श्रावणात वेलावर लोंबत होता तेव्हा हिरवागार, लवदार, तान्ह्या पोराच्या पोटासारखा, आणि आता पौषात असा हलका की हातात आहे की नाही कळू नये. त्याचा जोडीदार अजून आढ्यालाच टांगलेला होता, वाऱ्यानं जरासा हलत.

"उतरवलास काय गो?" खाटेवरून किशोरनं विचारलं.

"उतरवला."

"वाजव बघू."

तिनं वाजवला. नवऱ्याच्या तोंडावर हसू आलं, आणि ते हसू पाहून रोजच्यासारखंच तिला आत कुठंतरी टोचलं.

तुंबा वाळवंटात पाणी न्यायला होता. बाटलीतल्या पाण्याचा तिकडं चहा होतो, तुंब्यातलं गार राहतं, असं किशोरचं म्हणणं. आणि वाळवंट होतं समोरच्या कुडावर — शहापूरच्या खतवाल्यानं दिलेलं कॅलेंडर, साल कधीच सरलेलं, पण डिसेंबरचं पान कुणी काढलं नव्हतं : लाल खडक, भाजल्या विटेसारखे, उभेच्या उभे, खाली वाळू, आणि माणूस एकही नाही. माहुलीच्या गडावर चढायला येणाऱ्या ठाण्याच्या पोरांना किशोर वाट दाखवायचा, त्यांच्याआधी कडा चढून वरून दोर सोडायचा. त्यांच्यातलाच एकजण या घरात भाकरी खाताना म्हणाला होता, असे दगड राजस्थानात बाडमेरकडं आहेत, जाऊ एकदा. झालं. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. "आपला कडा काला, ओला," किशोर जेवताना म्हणायचा, "लाल दगड हाताला कसा लागत असल गो? गरम?" तिला हसू यायचं — दगड तो दगड — पण मग नाचणी खुरपताना ती आपल्याच तळव्याला विचारायची, गरम?

आणि गेल्या फाल्गुनात तो बांधावरच्या ऐनावर चढला. राबासाठी, भाताच्या रोपाची जमीन भाजायची तर टहाळ पाडायला हवी म्हणून. कड्यावर कमरेला दोर असल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस… पण बाप चढला, आजा चढला, घरच्या झाडाला कुणी दोर बांधतं? गाव हसेल. फांदी मोडल्याचा आवाज तिनं ऐकला होता. पडल्याचा नाही. तो आवाज गेला कुठं? — भांडी घासताना अजून ती मध्येच थांबते, तो यायचा राहिलाय असं वाटून.

डॉक्टर तिच्याशी दाराबाहेर बोलले होते. कमरेखालचं बळ आता परत येणार नाही. त्यानं ऐकलं होतं का? तिनं विचारलं नाही, त्यानं काढलं नाही, आणि पाऊस तोंडावर आला तेव्हा खाटेवरून म्हणाला, "तुंब्याचं बी लाव कुडाशी. दोगांना दोन लागतील." तिनं लावलं. तेव्हापासून रोज… त्याला कुशीवर वळवताना, पाठ पुसताना, पावडर लावताना वरून बोलणं चालूच — तिकडं रातीची थंडी लय असते म्हनं. मग म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेऊ. उंटावर बसशील? मी नाय बाय, मी चालन — जणू ती पाठ कुणा तिसऱ्याची होती. त्याला जगायला काही हवं ना. एवढं खोटं देव पोटात घालील.

ऊन उंबऱ्याशी आलं तेव्हा चांगो आला. माहुलीवर किशोरच्या दोराचं दुसरं टोक धरणारा.

"वैनी, चा टाक. आनि साखरेला हात जरा सैल सोड. मागच्या वेलेला निस्तं गरम पानी पाजलंस."

"तुजी बायको देत नाय वाटतं गोड?"

"तिचं तोंडच कडू, ती चा काय गोड देल!"

किशोर हसला. चहा देऊन तिनं कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली, तुंबा मांडीत घेतला. "दुसरा पन उतरवू? एकदमच कापते दोनी."

"नको. एकच काप," किशोर म्हणाला. "दुसरा बियाला ठेव."

कोयता थांबला. बियाचा तुंबा कापत नाहीत. तो प्रवासाला जात नाही. आढ्याखाली राहतो, पुढच्या पावसाची वाट बघत.

"आनि तुमाला?"

तो कॅलेंडरकडे बघत राहिला. चांगोच बोलला, कपात बघून. "जत्रा सरली का बाडमेरला निघतात ती ठान्याची पोरं. पोरीपन आहेत बरोबर. चुलीवर रांधनारं मानूस पायजे त्यांना. किशोरनं तुजं नाव सांगितलंय."

"मला नाय विचारलं कोनी."

"तू नाय बोलली असतीस," किशोर म्हणाला.

"तुमाला कुशीवर वलवील कोन?"

"बारकी येते किन्हवलीवरनं." बारकी त्याची धाकटी बहीण. "निरोप गेलाय तिला. तू जा. दगडाला हात लाव, आनि ये, मंग मला सांग."

निरोप गेलाय… कधी? मी पाण्याला गेले होते तेव्हा? — आणि परवाच नाही का त्यानं विचारलं, एकट्या माणसाला वाटेला पीठ किती लागतं गो, आणि ती हिशेब सांगत बसली होती, मूर्खासारखी. म्हणजे दाराबाहेरचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. बी लावायला सांगितलं तेव्हाच ठाऊक होतं. मी याला सांभाळत होते — मी? तिला असा राग आला की तुंबा कुडावर फोडावा. मग राग विझला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तिच्यापाशी नाव नव्हतं.

चांगो गेला. तिनं तुंब्याची मान कापली, बी सुपात ओतलं, पाणी आणि चार खडे घालून खळखळवलं, फेकलं. पहिलं पाणी कडूजहर असतं. भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. तिची आई, बाईजा, हे करताना गुणगुणायची —

*तुंबा भरीला पान्याचा, वाट लांब गं उन्हाची*
*संग येयाला कोन बाय, सय आपुल्या मनाची*

लहानपणी वाटायचं, ही सासरी निघालेल्या पोरीची ओवी. सासरहून निघालेलीचीही असेल, कुणास ठाऊक.

दिवस कलला. तिरीप कॅलेंडरवर पडली आणि खडक पेटल्यासारखे लाल झाले. त्या रिकाम्या चित्रात ती नेहमी दोघांना उभं करायची : तो वर, दोर सोडत, ती खाली, मान उंच करून. आजही तिनं त्याला बोलावलं… पण कड्यावर कुणी आलं नाही. खाली एक बाई तेवढी होती, खांद्याला तुंबा, तळवा दगडाला टेकलेला. ती मागं वळून बघत नव्हती. आणि रविनाला भीती वाटायला हवी होती — ती वाट बघत राहिली भीतीची, फांदीनंतरच्या त्या आवाजाची बघायची तशी — ती आली नाही. त्यानंच तिचे डोळे भरले.

"गेला काय गो कडूपना?" खाटेवरून आवाज आला.

तिनं तुंबा तोंडाला लावला. जीभ आखडली. थुंकायला हवं होतं. तिनं घोट गिळला.

"नाय अजून," ती म्हणाली, आणि आपला उजवा तळवा उघडून बघत बसली. गरम होता.