साहेब जामिनावर, मी कोठडीत

मित्रांनो, साहेब बाहेर आहेत आणि मी आत आहे. गुन्हा त्यांनी केला, जामीन त्यांना मिळाला, कोठडी मात्र माझ्या वाट्याला आली. मी एक जुनी रबरी बोट आहे, पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारी. पोलीस ठाण्यामागच्या पत्र्याच्या खोलीत माझी घडी घालून, सुतळीने आवळून, वर लाखेचं सील मारून ठेवली आहे. उंदीर रोज येऊन माझा वास घेऊन जातात. त्यांना सील कळत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नारिंगी होते. दहा माणसं सहज उचलायचे. नाशिकच्या खाली गोदेच्या काठी फुलं पिकवणाऱ्यांची एक वस्ती आहे, तिच्यासाठी सरकारने मला घेतलं. तालुक्याच्या तहसील कार्यालयाच्या गोदामात माझी जागा होती आणि सही करून मला ताब्यात घेतलं होतं आमच्या साहेबांनी. वल्हं मात्र केरूभाऊंच्या हाती. केरूभाऊ नदीत मासे धरणारे, बचाव पथकातले. एका पुरात बाभळीचा काटा माझ्या कुशीत घुसला, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा भाकरीएवढा तुकडा कापून मला ठिगळ लावलं. त्या वर्षी आम्ही एकतीस माणसं आणि एक शेळी काढली. बायकांनी मला हळदकुंकू वाहिलं. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू?

मग एका उन्हाळ्यात साहेबांच्या मेहुण्याने धरणाच्या फुगवट्यावर पर्यटन केंद्र काढलं. "नुसती पडूनच असते ना ही?" असं म्हणत साहेबांनी मला टेम्पोत घातलं. माझा सरकारी नंबर निळ्या रंगाखाली गेला. पुरासाठी जन्मलेली मी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांना फिरवू लागले. प्रत्येक नवरदेव ऐटीत उभा राहायचा आणि घाबरून खाली बसायचा. पावसाळा आला तरी मला परत नेण्याचं नाव कुणी काढलं नाही.

ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं. सकाळी नऊला वस्तीला वेढा पडला. शकुबाई आणि त्यांच्या सासूबाई आक्काबाई गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसल्या. केरूभाऊ धावत गोदामात गेले. तिथे वल्ही होती, हवा भरायचा पंप होता, मी नव्हते. शेवटी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब घेऊनच ते पाण्यात उतरले आणि दोघींना ती धरायला लावून काठाकडे ओढू लागले. शकुबाई काठाला लागल्या. आक्काबाईंचे म्हातारे हात ओल्या रबरावरून सुटले.

माझ्या कडेला धरायला दोर आहे, मित्रांनो. ट्यूबला नसतो. आणि त्या वेळी मी मेहुण्याच्या शेडमध्ये उलटी पडले होते, पावसाने बुकिंग रद्द झालं म्हणून!

"बोट दुरुस्तीला ओझरला पाठवलीय," साहेबांनी सांगितलं. ओझरला विमानं बनतात, तिथे रबरी बोटीचं काय काम, हे विचारायला कुणी धजावलं नाही.

पण मेहुण्याला जाहिरातीची भारी हौस. त्याने सिन्नरच्या रस्त्यावर भला मोठा फ्लेक्स लावला, त्यावर हसणारं जोडपं आणि खाली मी. केरूभाऊ आणि शकुबाई फुलांच्या गाडीतून बाजाराला निघाले होते. केरूभाऊंनी गाडी थांबवली. ठिगळावर निळा रंग धरला नव्हता, ते काळंच्या काळं दिसत होतं.

"शकुबाई, हे ठिगळ माझ्या हातचं हाय."

शकुबाई उतरून फ्लेक्सजवळ गेल्या. "म्हणजे ही हितं लोकांना फिरवत व्हती, अन् आमची म्हातारी..." गाडी बाजाराला गेलीच नाही. दोघं थेट पोलीस ठाण्यात गेले.

गुन्हा दाखल झाला: ताब्यातल्या सरकारी मालमत्तेचा अपहार. साहेबांना अटक झाली, चार दिवसांत जामीनही झाला. पुढे निलंबन उठलं आणि आता ते दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या खुर्चीवर बसतात. मी पुरावा झाले. न्यायालय मला सोडू शकतं, पण त्यासाठी माझ्या कार्यालयाने अर्ज करायला हवा. नवे साहेब म्हणतात, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." एक कागद लिहायला यांचा हात उचलत नाही!

सरकारी वस्तू जपा, असा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. तो तुम्हाला शाळेत मिळतोच, साहेबांनाही मिळाला असेल. मी एवढंच मागते, तो अर्ज करा. मला इथे कुजवू नका.

पुन्हा ऑगस्ट तोंडावर आला आहे. काल शकुबाई ठाण्यात आल्या होत्या. हवालदार त्यांना म्हणाले, "बाई, तुमच्याच तक्रारीवरून जप्त केलीय ना बोट? मग आता कशाला मागता?"

"तक्रार साहेबाची केली व्हती, बोटीची नाय," शकुबाई म्हणाल्या. मग जाता जाता दारात थांबल्या. "केरूभाऊनं ट्यूबमधी हवा भरून ठिवलीय. या खेपेला मी तिला दोर बांधलाय."