मधानं चिकटलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. पुस्तकाची जागा फळीवर असते, मांडीवर असते, फार तर उशाशी असते. पण एका संध्याकाळी माझ्या पाठीवर चक्क मांडवाचा खांब उभा होता आणि पोटाखाली ओली फरशी होती. तिथवर मी कसा पोचलो आणि सूर्य मावळायच्या आत काय होऊन बसणार होतं, ते सांगतो.

माझ्यात ज्यू लोकांच्या शरद ऋतूतल्या सणांची गोष्ट आहे. आधी नवं वर्ष येतं, तेव्हा सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. मग उपासाचा आणि क्षमा मागायचा दिवस. आणि त्यामागोमाग मांडवांचा सण, सुक्कोत. अंगणात मांडव घालायचा, त्याला म्हणायचं सुक्का, आणि सणभर जेवायचं त्यातच.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या एका लायब्ररीत मी नोकरीला लागलो. नोकरी हंगामी! झाडांची पानं लाल झाली की मला खाली काढून टेबलावर मांडायचे. आणि शेजारी कोण? भोपळ्यांची आणि भुतांची पुस्तकं. मुलं त्यांच्यावर तुटून पडायची. मी नाक मुरडून बसायचो, दुसरं करणार काय?

पण रविवारी रूथ आजी यायच्या आणि माझे दिवस पालटायचे. मुलांना गोल बसवून गोष्ट वाचून दाखवायची त्यांना भारी हौस. एकदा मधाचे हात घेऊन एक चिमुरडा माझ्यावर झेपावला आणि माझी दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली. रूथ आजींनी ती ओढली नाहीत. ओढली असती तर फाटलीच असती. त्या जागी आलं की त्या मला मिटून मांडीवर ठेवायच्या, हाताची बोटं पसरून डोळ्यांवर धरायच्या आणि वर बघत विचारायच्या, "दिसला का?" मुलंही बोटांच्या फटींतून छताकडे बघायची. कोणी म्हणायचं पंखा, कोणी म्हणायचं कोळी. पानावर खरं काय आहे, ते एक त्यांना ठाऊक आणि एक मला.

त्या मुलांत केया असायची. सात वर्षांची, रूथ आजींच्या शेजारच्या घरातली. तिचे आईबाबा, उपासना आणि संजीव, दोघंही मूळचे नागपूरचे. त्यांच्या मागच्या अंगणात आधीच्या मालकानं लावलेला बांबू होता आणि तो कुंपणाखालून सरळ रूथ आजींच्या अंगणात उगवायचा. "तुमचा बांबू माझ्याकडे न बोलावता येतो," असं त्या दर वर्षी हसत सांगायच्या आणि संजीव दर वर्षी ओशाळायचा.

मग एका हिवाळ्यात रूथ आजींचे यजमान गेले. मांडव दर वर्षी ते घालायचे. पुढे उन्हाळ्यात रूथ आजी जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सुक्कोत सुरू व्हायच्याच दिवशी त्या शुश्रूषा केंद्रातून घरी परतणार होत्या. मांडव घालायला त्यांचा मुलगा डॅनियल दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटहून येणार होता, पण त्याची फ्लाइट कॅन्सल झाली. विमानतळावरून त्यानं संजीवला फोन केला.

"खांब आणि पडदे गॅरेजमध्ये आहेत. मला दुसरी फ्लाइट मिळतेय, पण पोचेपर्यंत उशीर होईल. आणि सूर्य मावळला की सण लागतो, मग बांधकाम चालत नाही. आई काल म्हणाली, बाबा नाहीत, सुक्काही नसेल, तर घरी येऊन मी करू काय?"

"डोंट वरी यार, मी बघतो," संजीव म्हणाला आणि विमानात बसायचं म्हणून डॅनियलचा फोन बंद झाला.

त्या आठवड्यात केयानं मला लायब्ररीतून घरी आणलं होतं, म्हणून मीही रूथ आजींच्या अंगणात हजर होतो. माझ्यातली चित्रं बघून खांब उभे राहिले, पडदे लागले. छपराची बांबूची चटई मात्र उंदरांनी कुरतडून टाकली होती. आणि छपराचं चित्र कुठं? चिकटलेल्या पानावर.

संजीवनं आभाळाकडे पाहिलं. ढग दाटून आले होते. तो घरात गेला आणि निळी ताडपत्री घेऊन आला.

"बाबा, आर यू शुअर?" केयानं विचारलं.

"अगं, नावच सुक्का आहे! सुक्का म्हणजे कोरडा. आजी भिजल्या तर?"

मित्रांनो, नावावर कसले जाता! हिब्रूतला सुक्का आणि नागपुरी सुक्का यांचा काडीचाही संबंध नाही. ताडपत्रीखाली रूथ आजी बसू शकल्या नसत्या. तो सुक्काच नव्हता, निळी खोली होती. आणि मला हेही माहीत होतं, की त्या एक शब्द बोलल्या नसत्या. "थँक यू" म्हणून हसल्या असत्या आणि आत जाऊन एकट्या बसल्या असत्या. हे सगळं माझ्या आत लिहिलेलं होतं, आणि माझं तोंड मधानं चिकटलेलं.

संजीव मन लावून राबत होता. ताडपत्री अशी ताणली, की मुंगी शिरायची नाही. तेवढ्यात एक खांब डगमगला. फरशी तिथं खचली होती. खाली सरकवायला काहीतरी हवं होतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"बाबा, नो! लायब्ररीचं आहे ते!"

"टेंपररी गं. फक्त पाच मिनिटं."

खांब माझ्या पाठीवर आला. माझा कणा कडकडला. सकाळच्या सरीचं पाणी खालून आत शिरायला लागलं. पडद्याच्या फटीतून मला ढगांखालून डोकावणारा सूर्य दिसत होता, गॅरेजच्या छपराकडे झुकलेला. मला ओरडता येत असतं तर सगळी आळी गोळा केली असती.

तेवढ्यात उपासना कामावरून आली. आधी तिनं मांडव पाहिला, मग खाली पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"संजीव! पुस्तक खांबाखाली?"

"अगं, दोन मिनिटं..."

"माझ्या पणजोबांना शाळेत आत घेत नव्हते. दाराबाहेर बसून ऐकून ऐकून शिकले ते. आपण इथवर आलो ते कशाच्या जोरावर? आणि तू पुस्तक चिखलात घालतोस?"

संजीवनं दोन्ही हातांनी खांब उचलून धरला. उपासनानं मला बाहेर काढलं, ओढणीनं पुसलं आणि कपाळाला लावलं.

"रूथ आजी किस करते," केया म्हणाली. "बुक खाली पडलं की शी किसेस इट." आणि तिनं माझ्या चिखलाच्या पुठ्ठ्यावर ओठ टेकवले.

त्या ओलीनं काय केलं होतं, ते माझं मलाच आता कळत होतं. इतक्या वर्षांचा मध विरघळला होता. उपासनाच्या हातात माझी ती दोन पानं अलगद सुटी झाली.

पानावर एक कुटुंब मांडवात बसलेलं होतं. सगळ्यांच्या माना वर, डोक्यावर फांद्यांचं छप्पर, आणि फांद्यांच्या फटीत एक तारा.

"हे फिंगर पेज आहे!" केया किंचाळली. तिनं बोटं पसरून डोळ्यांवर धरली आणि मान वर केली. वर नुसतं निळं. "बाबा, नथिंग! काहीच दिसत नाही!"

उपासनानं माझ्या ओळी मोठ्यानं वाचल्या. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापून आणलेल्या पाल्याचं हवं. सावली पडावी, पण आभाळ झाकू नये. तारा दिसला पाहिजे.

"पण पाऊस आत येईल ना," संजीव पुटपुटला.

"येऊ दे. सण त्यांचा आहे, छप्परही त्यांच्यासारखं हवं. आणि पाला तुझ्या अंगणात माजलाय."

संजीव करवत घेऊन पळाला. उपासनानं ताडपत्रीच्या गाठी सोडल्या, सुटेनात त्या दातांनी ओढल्या. केया पानांसकट बांबू फरफटत आणत होती. खचलेल्या फरशीवर आता विटेचा तुकडा होता. मी खुर्चीवर उघडा पडून सूर्याकडे बघत होतो. तो छपराला टेकला, अर्धा झाला, नुसती लाल कड उरली. शेवटचा बांबू वर गेला, आणि दारात गाडी थांबली.

रूथ आजी वॉकर ढकलत आल्या. खाली पडलेला ताडपत्रीचा ढीग त्यांनी पाहिला. चिखलानं माखलेला मी त्यांना दिसलो. मग त्यांनी वर पाहिलं, आणि एकेक फांदी न्याहाळली. संजीवचा जीव टांगणीला लागला होता. माझाही.

"हा बांबू," त्या शेवटी म्हणाल्या, "इतकी वर्षं न बोलावता यायचा."

त्या आत बसल्या, यजमानांच्या खुर्चीशेजारी. त्यांच्या चष्म्यावर टपकन एक थेंब पडला. संजीव ताडपत्रीकडे धावला, तर त्यांनी त्याचा हात धरला. "राहू दे. आत्ता कुठं घरी आल्यासारखं वाटतंय." मग त्यांनी मला मांडीवर घेतलं. ते पान उघडं दिसत असूनही त्यांनी वाचलं नाही. बोटं पसरून डोळ्यांवर धरली.

"दिसला का?"

ढगांच्या फटीत एक दिवा सरकत होता.

"दिसला!" केया ओरडली.

"ते विमान आहे गं," संजीव म्हणाला.

"चालेल," रूथ आजी म्हणाल्या. "त्यात माझा मुलगा असेल."

लायब्ररीनं मला नोकरीतून काढलं. अशी अवस्था झाल्यावर काढणारच. आता मी केयाकडे असतो आणि शरद आला की शेजारी राहायला जातो.

मित्रांनो, पुस्तकं जपा. मध खाल्लात तर हात धुऊन या, आणि आम्हाला खांबाखाली घालू नका, मग पाच मिनिटांसाठी का असेना. पण जपायचं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवरही टाकू नका. संजीवनं ताडपत्री मायेनंच ताणली होती.

उपासना मला अजूनही अधूनमधून जाड पुस्तकांखाली दाबून बघते. पण पाणी पिऊन फुगलेलं ते पान काही केल्या मिटत नाही. फळीवर मी जरासा उघडाच राहतो. राहू दे.