शंभराच्या आतला धूर

पैज मीच लावली. शेजारचा सौमित्र युनिव्हर्सिटीत आपत्तींवर शिकवतो, आणि अशा माणसाला डिवचल्याशिवाय मला घास उतरत नाही.

सत्त्याण्णवचा सप्टेंबर. सुमात्रात जंगलं जळत होती आणि धूर आमच्या सिंगापूरवर. रेडिओवर रोज हवेचा आकडा: शंभरापर्यंत ठीक, वर गेला की घातक.

"जहाजावर गॅसचा मीटर ओरडला तर संकट," मी म्हणालो. "नाही ओरडला तर चहा. आम्हा इंजिनीअरांची व्याख्या संपली."

"तुम्ही मीटर मोजता, डॉक्टर पेशंट मोजतात, धनेशराव," सौमित्र म्हणाला. "आम्ही म्हणतो, धूर हा नुसता धोका. त्याची आपत्ती माणसं करतात."

"बरं! आकडा शंभराच्या आत असताना आपल्या मजल्यावर कुणाला काही झालं, तर ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, मी कोंबडा होऊन आरवेन. नाही झालं तर तू. मुदत, माझा गणपती उठेपर्यंत."

"अभद्र मेली पैज!" माझी बायको मधुरा करवादली. तिला दमा. म्हणून तर मी जातीनं सगळ्या खिडक्या बंद करून फटींत ओले टॉवेल कोंबले होते.

शेवटच्या आरतीला आकडा ब्याण्णव. मी सौमित्रला कोंबड्यासारखी मान हलवून दाखवली. हॉलमध्ये वीसेक माणसं, दार लोटलेलं, निरांजन विझू नये म्हणून पंखाही बंद. धूप होता, उदबत्त्या होत्या. त्यात मी खुशीत मूठभर कापूर पेटवला.

टाळ्या टिपेला गेल्या आणि मधुरानं माझा शर्ट धरला. हात सुटला. ओठ निळसर, छातीत शिट्टी. मी दम्याचा पंप तिच्या तोंडात धरून दोन फवारे मारले. शिट्टी वाढलीच.

सौमित्रनं दार उघडलं. "वहिनींना बाहेर कॉरिडॉरमध्ये घ्या!"

"वेडा आहेस? बाहेर धूर आहे!"

"बाहेर ब्याण्णव. आत किती? मोजलंत?"

मी वर पाहिलं. छताखाली कापराचा काळा थर लोंबत होता. सगळे रुमालात खोकत होते, पण प्रसादाआधी निघायचं कसं, म्हणून उभे.

मी तिला उचललं. उघड्या कॉरिडॉरमध्ये हवा पिवळट होती, पण हलत होती. परत पंप. एक श्वास आला. मग काहीच नाही. सौमित्र आत अॅम्ब्युलन्सला फोनवर पत्ता ओरडत होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता वाट बघत होतो.

"मधे, घे ना गं."

दुसरा आला. मग तिसरा, तुटका. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी मास्क लावला तेव्हा कुठे मी पंप खाली ठेवला.

दोन दिवसांनी ती घरी आली. सौमित्र दारातच म्हणाला, "धनेशराव, पैज सोडा. असली मला जिंकायची नव्हती."

"सोडा काय?" मधुरा म्हणाली. "माझी खुर्ची खाली न्या."

संध्याकाळी व्हॉइड डेकवर मी पायांखालून हात घालून कान धरले आणि आरवलो. बुद्धिबळ खेळणारे चिनी म्हातारे सोंगट्या हातात धरून बघत राहिले. सौमित्रची मुलगी ईशा सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "अंकल, लाउडर लाह!"

मधुरा खदखदून हसली. मी खाली मुंडी करून कान देऊन ऐकलं. हसण्यात शिट्टी नव्हती.

मग मी असा आरवलो, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी उघडली.