हाविसच्या नावाची पट्टी

दलदलीतल्या बांधावर धुकं असं दाटलं होतं की आपण चालतोय की तरंगतोय, हे म्हाताऱ्या हाविसचं तिलाच कळेना. छातीशी राजाचा हुकूम होता. लंडनहून आणलेला चामड्याचा लहानसा तुकडा, घडी घातलेला, वर मेणाची मोहोर. तो मोहोरेसकट शेरीफच्या, म्हणजे राजाच्या तिथल्या अधिकाऱ्याच्या, हातात पडला की दिराला न्यायासमोर उभं राहावंच लागणार होतं.

दीर म्हणजे थर्स्टन. मेल्यानं भावाला मूठमाती दिली न दिली तोच सफरचंदांची बाग बळकावली, आणि वर गावभर सांगत सुटला, "कसली बायको? ठेवलेली होती!" तिथली रीत अशी, की लग्नाच्या वेळी चर्चच्या दारात उभं राहून नवरा चारचौघांत जे तोंडानं देईल, ते त्याच्यामागे बायकोचं. तिच्या नवऱ्यानं, आयल्मरनं, बाग दिली होती, चांगल्या खणखणीत आवाजात. पण ऐकणारे सगळे आता त्याच दाराशेजारी मातीखाली निजले होते. साक्ष काय थडगी देणार?

धुक्यात आयल्मर तिच्या शेजारून चालत होता. लंडनपासून चालतच होता. तिला त्याचं नवल उरलं नव्हतं.

"माझं नाव नीट लिहिलंय ना गं?"

"मला काय ठाऊक? मी काय पाद्री आहे वाचायला?"

"उघडून बघ तरी."

"अहो, मोहोर शेरीफनंच फोडायची असते."

"नुसतं बघ. शाईत मी कसा दिसतो ते."

जिवंतपणीही हा माणूस असाच गोड बोलून नको ते करायला लावायचा. तिनं बांधावर बसकण मारली आणि अंगठ्यानं मेण उचकटलं. आत काळ्या मुंग्यांच्या रांगा. त्यातला आयल्मर कुठला, ते काही केल्या सापडेना. मान वर केली तर शेजारी कोणीच नव्हतं. तेव्हा कुठे फुटलेल्या मेणाकडे तिचं लक्ष गेलं.

"दैव देतं आणि कर्म नेतं, आजी," शेरीफच्या कचेरीत त्याचा कारकून गेर्वेझ म्हणाला. "फुटक्या मोहोरेचा हुकूम चालत नाही. मेला हा. पुन्हा लंडन गाठा."

"या गुडघ्यांवर? घरी पोचले तरी पुष्कळ, लेका."

बाग गेली. तिला तिथेच रडू फुटलं, आणि तिनं ते आवरलंही नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "मेला तर मेला. मेलेल्याचं तोंड तरी दाखव. वाच."

गेर्वेझ भराभर वाचू लागला. "राजा शेरीफला आज्ञा करतो, की थर्स्टनला बजावावं, हाविस, जी आयल्मरची पत्नी होती, तिला..."

"थांब. काय म्हणालास?"

"जी आयल्मरची पत्नी होती."

"असं राजा म्हणतो?"

"अहो, प्रत्येक विधवेच्या हुकमात हेच असतं! साचा आहे तो. त्यानं काही शाबीत होत नाही."

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

"तेवढं कापून दे मला, माझ्या नावासकट."

"वेड लागलंय का? हा दफ्तरात जायचा. उद्या तुमच्यासाठी कोणी भांडलं, तर दाखवायला निदान एवढं तरी राहील."

"माझ्यासाठी कोण भांडणार रे? आहे कोण?"

गेर्वेझनं तिच्या चिखलानं माखलेल्या पायांकडे पाहिलं, आणि लेखणी तासायची सुरी उचलली.

परतताना आयल्मर बांधावर वाट बघत होता.

"बाग?"

"गेली."

"आणि मुठीत काय?"

"तुमची बायको होते मी. राजा म्हणतो," असं म्हणून ती धुक्यात एकटीच खुदकन हसली.

मुठीतली ती पट्टी तिच्याबरोबरच मातीत गेली. हुकमाचा उरलेला तुकडा कुठल्याशा मठात पुस्तकाच्या पाठीला खळ लावून चिकटवला गेला, आणि आज संग्रहालयात काचेखाली आहे. त्यात राजा अजून शेरीफला बजावतोय, तिचा वाटा तिला द्या. कुणाचा, ते कळत नाही. तिथे भोक आहे. उंदरांनी खाल्लं असावं, असं जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे. इतकं सरळ रेषेत खाणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही.