सोड्याची शीग

मित्रांनो, मी एक जुना पितळी चमचा आहे. अचलपूरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि पार्बताबाईच्या लग्नात आंदण म्हणून मी परतवाड्याला आलो. माझं पोट जरा जास्तच खोल, त्यामुळे या घरात तिखट-मीठ कधी कमी पडलं नाही. पाहुणे पार्बताबाईच्या हाताचं कौतुक करायचे आणि त्यातलं निम्मं मी माझ्याकडे ठेवून घ्यायचो. पुढे स्टीलचे चमचे आले आणि माझी रवानगी सोड्याच्या बरणीत झाली. भजी करायची असली, की तेवढा उजेड दिसायचा.

पार्बताबाई बाजारात भाजी विकते. तोलून झालं की वरून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या द्यायच्या हा तिचा नेम. नुसतं मापात देणं तिला कंजूषपणाचं वाटतं. तिची सून रागिणी वर्षभर कुकरमध्ये केक करायला शिकत होती. शेवटी अचलपूरच्या एका बालवाडीच्या शकुन मॅडमनी तिला पहिला केक करायला सांगितला. तो पसंत पडला, तर दर महिन्याच्या वाढदिवसांचे केक तिच्याकडेच येणार होते. आठ दिवस रागिणीचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या सकाळी बेकिंग पावडरची डबी उघडली, तर तळाला नुसती धूळ. दुकानं उघडायला वेळ होता आणि केक अकराच्या आत पोचायला हवा होता. रागिणी घाबरली नाही. तिने मला पुसलं आणि एका वाटीत घरीच पावडर करायला घेतली. मला सपाट भरून एक चमचा सोडा, तेवढंच लिंबूसत्त्व आणि दोन चमचे मक्याचं पीठ.

"एवढुसाच सोडा काहून वं?" पार्बताबाईने विचारलं.

"मापूनच टाका लागते, आई," म्हणत रागिणी शेजारून बीटर आणायला गेली.

पार्बताबाईला राहवलं नाही. पोरीचं पहिलंच गिऱ्हाईक, हात आखडता कशाला घ्यायचा? तिने मला बरणीत खुपसलं आणि शीग भरून सोडा वाटीत टाकला, बाजारात सांबार टाकते तसा, वरून. मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला. किती वर्षांनी कुणीतरी मला असं भरलं होतं.

केक चांगला फुगला आणि वेळेवर गेला. संध्याकाळी शकुन मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. केक कडू लागला, मुलांनी थुंकून टाकला, पुढचं मग पाहू, एवढंच म्हणाल्या.

"माह्या हातालेच चव नाई," रागिणी म्हणाली आणि केकचं भांडं माळ्यावर टाकून आली. पार्बताबाई तिथेच मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तीन दिवस मी त्याच सोड्यात रुतून पडलो होतो. सोडा टाकला तिने, पण वाहून नेला मी. नको तिथे खोल पोट मिरवल्याची मला लाज वाटत होती. बाहेर रागिणी गुपचूप स्वयंपाक करायची. पार्बताबाईच्या टोपलीतला सांबार रोज तसाच घरी परत यायचा. वरून काही द्यायला तिचा हातच होत नव्हता.

चौथ्या दिवशी ती स्वतः माळ्यावरून भांडं घेऊन आली.

"पोरी, तुह्या हाताले काई झालं नाई. सोडा म्या टाकला वरतून. अन् तीन दिवस तुले रडू देलं."

रागिणीने मला बरणीतून काढलं, धुतलं, कोरडं केलं आणि सासूच्या हातात दिलं.

"आता तुमीच मापा, आई."

पार्बताबाईने मला भरलं. सुरीच्या पाठीने शीग उतरवली. सवयीने हात पुन्हा बरणीकडे गेला, पण मध्येच थांबला. नवा केक झाल्यावर तो घेऊन ती स्वतः जीपने अचलपूरला गेली. मॅडमना काय सांगायचं, ते वाटेत जुळवावं लागणार नव्हतं. घरी एकदा सांगून झालं होतं.

मित्रांनो, आपल्या हातून बिघडलेल्याचा दोष दुसरा कुणी स्वतःवर घेत असेल, तर त्याला तीन दिवस थांबवू नका. मी गप्प राहिलो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.