शून्य ठोक्यांची बाधा

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी यंत्रबाबांच्या मांडवात होती. भगव्या शालीवर लॅपटॉप, त्याला हळदकुंकू. बाबा भक्ताची नाडी धरायचे, ठोक्यांचा आकडा टाइप करायचे आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: बाधा आहे.

"माणूस खोटं बोलंल, कॉम्प्युटर बोलत न्हाई," बाबा सांगत. "हा थेट वरच्या लोकाशी जोडलेला हाये. वायर दिसत न्हाई म्हणून शंका घेऊ नका." वायर दिसत नव्हती हे खरं, कारण ती नव्हतीच.

सत्यशीला लेकीला मांडीवर घेऊन रांगेत बसली होती. राजनंदिनीला फिट्स येत. बाधा निघेपर्यंत गोळ्या बंद, असं बाबांनी मागच्या खेपेला बजावलं होतं. तेव्हापासून झटके वाढले. आधी सत्यशीला रडायची, मग तेही थांबलं. आता लेकीचे हातपाय ताठले की ती तिला कुशीवर वळवून डोक्याखाली पदर सरकवायची, एवढंच. आत काही हलत नव्हतं.

"वहिनी, गोळ्या काहून बंद केल्या?" सोबत आलेल्या प्रियंकानं विचारलं. ही तिची नणंद, वसमतच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी.

"यंत्रानं सांगितलं."

नंबर लागला. बाबांनी नव्वद टाकलं. पडद्यावर बाधा आलीच. "गोळीला हात लावाल तर लेकरू हाती लागणार न्हाई." सत्यशीलानं नुसती मान हलवली.

"बाबा, मी टाकू आकडे?" प्रियंकानं विचारलं.

"टाक की. यंत्राला सोवळंओवळं न्हाई."

तिनं चाळीस टाकलं. बाधा. दोनशे टाकलं. बाधा. मग शून्य टाकलं, तरी बाधा.

"शून्य ठोके कोणाचे गं?" मेंढरं राखणाऱ्या मल्हारीबुवांनी रांगेतून विचारलं.

"मेलेल्याचे. न्हाईतर या खुर्चीचे."

बाबांचा शिष्य लॅपटॉप मिटायला धावला. बुवांनी काठी आडवी घातली. "पाहू द्या पोरीला."

प्रियंकानं आतला प्रोग्राम उघडला. "पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक हाये ही. ठोके साठपेक्षा कमी किंवा शंभरपेक्षा जास्त असले तर बाधा, असं लिहायचं होतं. लिहिलं उलटं: साठपेक्षा जास्त किंवा शंभरपेक्षा कमी. सांगा, कोणता आकडा सुटंल यातून? दोनशे हा आकडा साठच्या वर, शून्य हा शंभरच्या खाली. सगळेच सापडतात."

"मग दुरुस्त काहून केलं न्हाई?"

"केलं असतं तर गिऱ्हाईक कुठून आलं असतं, बुवा?"

तिनं कमी-जास्तची चिन्हं बदलली आणि पुन्हा नव्वद टाकलं. हिरवी अक्षरं आली: बाधा नाही. लगेच रांगेतली रूपाबाई हात जोडून पुढं सरकली. "आता खरं बोललं यंत्र. माझंबी पाह्य, माय."

आता मात्र प्रियंकाला राग आला. "हेबी खरं न्हाई, मावशी. याला ना बाधा कळते ना फिट. मघाशी त्यांनी लिहिलेलं दाखवलं, आता मी लिहिलेलं. यंत्राला हात जोडू नका. लिहिणाऱ्याला इचारा, तुला कसं कळलं?"

सत्यशीला ऐकत होती. राग येईल, निदान रडू येईल म्हणून तिनं क्षणभर वाट पाहिली. काहीच आलं नाही. तिनं लेकीला खांद्यावर घेतलं.

"अगं, बाबाला इचारून तर जाय," रूपाबाई म्हणाली.

"डॉक्टरला इचारते," सत्यशीला म्हणाली. "आन् त्याला कसं कळलं, तेबी इचारते."