कामाचा आवाज

कागदी रुमालांचा खोका साहेबांनी टेबलावरून चार बोटं तिच्याकडे सरकवला, ती अजून खुर्चीत धड टेकलीही नव्हती, पर्स मांडीवरच होती, आणि तिच्या मनात आलं, या चार बोटांत माणसाचा फायदा केवढा! ती रडली तर साहेब दयाळू ठरणार. शिवाय रडणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकायचं नसतं, तिला पाणी विचारायचं असतं. म्हणजे उत्तर द्यायची कटकट वाचली. आणि सगळ्यात घसघशीत फायदा वेगळाच... ती रडली की साहेबांनी वर पाठवलेला शेरा आपोआप खरा होणार: बाई कामाला चांगल्या, पण फार हळव्या, फोनवरून काढून नव्या मुलींच्या प्रशिक्षणाला द्याव्यात.

हळव्या म्हणे! मागच्या खेपेला याच खोलीत ती रडली होती ती रागानं. रात्रपाळीची माणसं कमी करायचं चाललं होतं; रुग्णवाहिका मागायला फोन येतो, तो मग उचलायचा कुणी, भिंतीनं?... असं विचारायला ती आली होती आणि ‘भिंतीनं’पर्यंत पोचायच्या आतच डोळे भरले, नाक गळायला लागलं, हनुवटी लटपटली. वाक्य अर्धं राहिलं, माणसं कमी झाली. दुसऱ्यांना राग येतो तेव्हा ते लाल होतात, ओरडतात, दार आपटतात, आणि लोक त्यांना वचकून असतात. मला राग आला की पाणी सुटतं. कुठल्या प्लंबरनं ही जोडणी करून ठेवलीय कुणास ठाऊक! थोरला भाऊ लहानपणापासून तिला ‘नळ’ म्हणतो, अजूनही, बायकोमुलांसमोर. डॉक्टरांना विचारलं तर तेही हसले. “राग असो, भीती असो, आत घंटा एकच वाजते. कुणाच्या हाताला कंप सुटतो, कुणाचं पोट बिघडतं. तुमच्यात तार डोळ्यांकडे गेलीय. दोष नाही हो, ठेवण आहे ती.” ठेवण! म्हणजे नाकाची असते तशी. नाक निदान ऐन बोलण्याच्या वेळी पुढे येऊन उभं राहत नाही.

आज रडायचं नव्हतं. आज रडली तर फोन गेला, एवढा साधा मामला होता. सकाळी इस्त्री करता करता ताईला फोन लावला होता.

“जीभ टाळूला लाव,” ताई म्हणाली. “मांडीला चिमटा काढ. आणि त्याच्या तोंडाकडे बघूच नकोस, कानाकडे बघ. कानाचा कुणाला राग येत नाही.”

“आणि तरीही आलंच रडू तर?”

“सांग, डोळ्यांचा आजार आहे.”

“मग फोनवर ठेवतील?”

“नाही गं... मग घरीच बसवतील.”

तेव्हा जीभ टाळूला, चिमटा मांडीला, नजर साहेबांच्या उजव्या कानावर. आणि चीड याची, की हा सगळा खटाटोप ज्या शरीराला आवरायला चाललाय तेच शरीर नियंत्रण कक्षात, कानावर हेडफोन चढले की, दगडासारखं थंड असतं. पलीकडून कुणी किंचाळतं, वडील पडलेत, श्वास घेत नाहीत... आणि हिच्या छातीतली धडधड उलट मंदावते, आवाज खाली जातो. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवते: घाबरलेल्याला ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही, त्यानं तो आणखी भडकतो. आपला श्वास सावकाश करायचा, शब्दांच्या मध्ये जागा सोडायची. पलीकडचा माणूस नकळत त्या जागेत श्वास घेतो. कक्षात याला ‘उतरवणं’ म्हणतात. शेजारच्या टेबलावरची मावशी — नात्यानं कुणाचीच नाही, पण कक्षातली सगळ्यात जुनी — कधीकधी आपला फोन संपवून नुसती ऐकत बसते. “काय उतरवलंस गं त्याला! गच्चीवरून अंगणात.”

साहेबांचा कान लाल होता.

आधी पाळी, मग वरची कड, मग कॉलरच्या आत मानेपर्यंत. ते पेनचं टोपण काढत होते, लावत होते. “म्हणजे असं आहे, मॅडम... तसा निर्णय म्हणजे... वरून जरा... तुम्ही गैरसमज...” वाक्य सुरू व्हायचं आणि दम लागून मध्येच बसायचं. श्वास छातीच्या वरच्या वर. अरेच्चा, हे घाबरलेत! मला? मला नव्हे, माझ्या रडण्याला... मागच्या वेळी आपण रडलो, आणि झोप यांची गेली की काय? खोका सरकवला तो दयेनं नव्हे, पाऊस येणार म्हणून माणूस कपडे आत घेतो तसा.

आता गप्प बसायचं होतं, बस्स. साहेब असे अडखळले की पुढे काय होतं ते सबंध कार्यालयाला पाठ आहे: कपाळ पुसतात, घड्याळ बघतात, “बघू पुढच्या महिन्यात” म्हणतात, आणि पुढचा महिना कधी येत नाही. त्यांच्या भीतीत तिचा फायदा होता. तिनं फक्त त्या लाल कानाकडे बघत बसून राहायचं होतं. पण तो तुटका, वरवरचा श्वास कानांवर पडत राहिला आणि तिच्या आत काहीतरी, तिला न विचारता, कामाला लागलं. छाती मंदावली. खांदे खाली आले.

“सर,” ती म्हणाली. मग जागा सोडली. “घाई नाही. मी ऐकतेय... सावकाश सांगा.”

साहेबांनी त्या जागेत श्वास घेतला. तिनं बघितला तो आत जाताना, पार पोटापर्यंत. टोपण पेनला लागलं ते लागलंच. कानाची लाली पाळीपर्यंत ओसरली.

“सोमवारपासून तुम्ही प्रशिक्षण विभागात,” ते म्हणाले. अखंड, एका दमात. “फोन बंद. मी ठरवलंय.” आणि चक्क हसले. “तुमच्याशी बोलणं किती सोपं आहे हो! मी उगाच घाबरत होतो.”

आता! आता ओरडायला हवं होतं, निदान रडायला तरी. तिनं आतून ढकलून बघितलं, ये बाई, ये, एरवी बोलावल्याशिवाय येतेस... पण आवाज खाली उतरलेला होता तो वर चढेना. “समजलं, सर,” ती म्हणाली. फोन बंद करताना म्हणतात तेच, त्याच सुरात.

“बघा, आज रडलाही नाहीत,” साहेब तिला दारापर्यंत पोचवायला उठले. “प्रशिक्षणाला अशीच खंबीर बाई लागते.”

रडले तर हळवी म्हणून, नाही रडले तर खंबीर म्हणून... जाते आहे मी प्रशिक्षणालाच!

बाहेर मावशी ताटकळत उभी होती. “रडलीस?”

“नाही.”

“मग जिंकलीस की गं!”

“साहेब घाबरले होते, मावशी. मी उतरवलं त्यांना.”

“साहेबाला?... आणि मग?”

“मग ते नीट बोलले.”

मावशीच्या चेहऱ्यावर सगळं पोचायला थोडा वेळ लागला. “अगं बये,” एवढंच ती म्हणाली, आणि तिला हसू आलं की काय, तोंडावर हात ठेवून आत गेली.

जिन्यात थांबून तिनं मनगटावर बोट ठेवलं. नाडी संथ, शहाण्या मुलीसारखी चाललेली. इतकी वर्षं डोळ्यांना शिव्या दिल्या... पण बिचारे, चुकीच्या वेळी का होईना, माझ्याच बाजूनं तर वाहत होते. हा आवाज मात्र, ज्याच्यावर माझी सगळी मिजास, तो ज्याचा श्वास तुटेल त्याचा. उद्या चोर धापा टाकत दारात आला तर हा त्यालाही पाणी देईल. या विचारानं तिला राग यायला हवा होता, पण आली ती भीती, थंडगार, आणि तीही आवाजाला न कळता. साहेबांना धीर मिळाला, वरच्यांना हवा तो निकाल, मावशीला जेवणाच्या सुट्टीत सांगायला गोष्ट. ताईलाही मिळेल, की बघ, कानाकडे बघायला मीच सांगितलं होतं. सगळ्यांना काही ना काही मिळालं. दिलं तेवढं मीच. तेही कुणी मागायच्या आधी, आणि असं की घेणाऱ्याचा जीव हलका व्हावा.